भूखंड ९५ वर्षांचा, माणूस ७ महिन्यांचा

बारामतीचें नांव महाराष्ट्रास प्रथम ठाऊक झालें तें मोरोपंतांच्या आर्यांमुळें. कऱ्हेकांठच्या ह्या गांवीं अठराव्या शतकांत त्या पंडित कवीनें आपल्या आयुष्याचा मोठा भाग ग्रंथरचनेंत घालविला. पुढें १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर भाटघरचें धरण व नीरेचा डावा कालवा झाला, कोरड्या रानांत ऊंस उभा राहिला आणि बारामतीची ओळख पालटली. आज तिचें नांव तिसऱ्याच कारणानें लोकांच्या तोंडीं आहे. भिगवणच्या रस्त्यास लागलें म्हणजे एमआयडीसीच्या कारखान्यांचीं पत्र्यांचीं छपरें लांबवर चकाकतांना दिसतात. येथें तीनचाकी गाड्या तयार होतात; २०१२ पासून इटालियन बनावटीच्या स्कूटरही तयार होऊं लागल्या. लोखंडाचे घडीव भाग, बिनसांध्याच्या पोलादी नळ्या, चीज, तयार कपडे असा नानाविध माल येथून बाहेर पडतो. शेजारच्या इंदापूर तालुक्यांत भिगवणला कागद होतो, लोणी देवकरला औद्योगिक वसाहत आहे, आणि वालचंदनगरची कीर्ति तर ह्या सर्वांहून जुनी आहे.

हें वैभव पाहून आम्हांस आनंद होतो, आणि तो कां होऊं नये? १९०५ सालीं पुण्यांत परदेशी कापडाची होळी पेटली, तेव्हां ती पेटविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें हेंच चित्र होतें कीं, एक दिवस आमच्या देशांत आमचे कारखाने चालतील आणि आमच्या खेड्यांतील मुलांच्या हातांस तेथें काम मिळेल. त्या पिढीचे आम्ही वारस आहोंत. धुराडें दिसलें कीं नाक मुरडणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. परंतु वारसा म्हटला म्हणजे त्याबरोबर हिशेबही आला. स्वदेशी म्हणजे केवळ स्वदेशांत तयार झालेला माल, कीं तो माल तयार करणाऱ्या स्वदेशी माणसाचें कल्याणही त्यांत येतें? हा प्रश्न आज बारामतीच्या निमित्तानें आम्ही विचारूं इच्छितों. आणि तो विचारण्याचें कारण एका कागदांत दडलेलें आहे. तो कागद म्हणजे भूखंडाचा भाडेपट्टा.

महाराष्ट्र औद्योगिक विकास कायदा १९६१ सालीं झाला व १९६२ सालीं त्याखालीं महामंडळ स्थापन झालें. महामंडळ शेतकऱ्याची जमीन संपादन करतें, तिच्यावर रस्ते काढतें, पाणी आणतें, विजेची सोय करतें, आणि मग ती जमीन तुकडे पाडून कारखानदारास ९५ वर्षांच्या पट्ट्यानें देतें. ९५ वर्षें! म्हणजे पट्टा घेणाऱ्याचा नातूही त्या मुदतींत म्हातारा व्हावयाचा. कारखानदाराला स्थैर्य नसेल तर तो भांडवल घालणार नाहीं, हें सरकारनें ओळखलें व तें योग्यच केलें. यंत्रालाही स्थैर्य आहे: त्याचा विमा उतरलेला असतो, त्याला ठरल्या दिवशीं तेल मिळतें, आणि त्याच्या झिजेची रक्कम दरवर्षीं हिशेबांत वेगळी काढलेली असते. आतां त्या यंत्रापाशीं उभ्या असलेल्या तरुणास विचारा कीं, बाबा रे, तुझा पट्टा किती वर्षांचा? तो सांगेल, "साहेब, सात महिन्यांचा."

सातच महिने कां, तर औद्योगिक विवाद कायदा १९४७ सालचा. त्यांत ज्यानें वर्षांत २४० दिवस काम केलें त्याची नोकरी अखंड समजावी, आणि त्याला कमी करावयाचें तर आधीं सूचना व भरपाई द्यावी, अशी तरतूद होती. कायदा करणाऱ्यांनीं हा आंकडा कामगाराच्या रक्षणासाठीं घातला. व्यवहारानें तोच आंकडा त्याच्या हकालपट्टीचें पंचांग बनविला. २४० दिवस भरण्यापूर्वीं माणूस घरीं पाठवावयाचा, कांहीं दिवस बसवून ठेवावयाचा, आणि मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नांवावर, दुसऱ्या ओळखपत्रावर, पुन्हां त्याच यंत्रापाशीं उभा करावयाचा. ही रीत आम्ही बारामतीच्या कोणा एका कारखान्यास चिकटवीत नाहीं. चाकणपासून वाळूजपर्यंत, रांजणगांवपासून बुटीबोरीपर्यंत महाराष्ट्रांतील औद्योगिक वसाहतींत ती इतकी रुळली आहे कीं, "ब्रेक" हा इंग्रजी शब्द आज खेड्यांतल्या आईबापांसही समजतो. पोरगा घरीं आला म्हणजे आई विचारते, "सुटी आहे कीं ब्रेक?" आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला उत्तर कळतें.

ह्या अस्थैर्याचा परिणाम कारखान्याच्या फाटकाशीं थांबत नाहीं. वसाहतीलगतच्या वाड्यावस्त्यांवर खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. एकेका खोलींत चार-पांच जण राहतात. दिवसपाळीचा उठतो तेव्हां रात्रपाळीचा त्याच्याच अंथरुणावर आडवा होतो. बाहेरगांवाहून मराठवाड्यांतला, विदर्भांतला, बिहार-उत्तर प्रदेशांतला मुलगा येथें येतो. पण ज्याला पुढल्या दिवाळींत आपण कोठें असूं हें ठाऊक नाहीं, तो बायकामुलें कशाच्या भरंवशावर आणणार? मुलांना शाळेंत कोठें घालणार? पतपेढीकडे कर्ज मागावयास गेला तर ती पगाराचा कागद मागते, आणि त्या कागदावर ठेकेदाराचें नांव असतें, तेंही दर खेपेस निराळें. लग्नाच्या बैठकींत मुलीचा बाप एकच प्रश्न विचारतो, "कायम आहे का?" त्या एका प्रश्नापाशीं बोलणीं मोडतात. बारामतीच्या पश्चिमेकडील सुपें-मोरगांवच्या जिरायत पट्ट्यांतील तरुणांस कालव्याचें पाणी मिळालें नाहीं, म्हणून त्यांनीं कारखान्याची आशा धरली. तेथेंही त्यांच्या वांट्यास जिरायतच आली. पाऊस पडला तर पीक, ठेका टिकला तर पगार!

स्त्रियांची गोष्ट आणखी बिकट आहे. २००५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेखालीं ज्या वस्त्रोद्योग-वसाहती देशांत उभ्या राहिल्या, त्यांत बारामतीचीही एक आहे, आणि तिच्यांत शिलाई यंत्रावर बसणाऱ्यांत आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांचा भरणा मोठा आहे. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या स्त्रीच्या हातीं स्वतःची मजुरी पडली नव्हती, त्या घरांत ती आज दरमहा पगार घेऊन येते, ही लहान सुधारणा नव्हे. आमच्या कित्येक सुधारकांच्या व्याख्यानांनीं जें झालें नाहीं तें एका शिलाई यंत्रानें केलें. म्हणूनच तिच्या पगारास आणि तिच्या नोकरीस बळकटी यावी असा आमचा आग्रह आहे. पहाटे चूल पेटवून, डबे भरून ती घर सोडते. संध्याकाळीं परतते तों चूल तिचीच वाट पाहत असते. बाळंतपणाची रजा, पाळणाघर, रात्रीच्या प्रवासाची सुरक्षितता हीं तिला दयेनें देण्याचीं दानें नव्हेत. कायद्यानें तीं तिचीं आहेत. परंतु ज्या नोकरीस सातव्या महिन्यांत खंड पडतो, तिच्यांतून नऊ महिन्यांचें गरोदरपण पार पडणार कसें?

आमच्या मतें ह्या पद्धतींत नवें असें फार थोडें आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती करी तो जॉबर; बायकांच्या खात्यांत नायकीण. कामावर घेणें, काढणें, बदलीवर ठेवणें हें सारें त्यांच्या हातीं असे, आणि कामगार त्यांस दस्तुरी देई. १९३१ च्या शाही मजूर कमिशनच्या अहवालानें ह्या लाचखोरीवर कोरडे ओढले. शेतांतही तेंच. बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांस ऊंस तोडून देणारीं बीड-अहिल्यानगरकडचीं कुटुंबें आजही मुकादमामार्फत उचल घेऊन येतात, कोपींत राहतात आणि हंगाम संपला कीं फिटलेल्या-न-फिटलेल्या कर्जासह परत जातात. फडांतला तो मुकादम आतां कारखान्याच्या फाटकांतून आंत आला आहे. फरक इतकाच कीं, त्याच्या हातीं कोयत्याच्या हिशेबाच्या वहीऐवजीं संगणक आहे, अंगांत इस्त्रीचा सदरा आहे, आणि त्याच्या संस्थेच्या इंग्रजी नांवांत "मनुष्यबळ" हा शब्द आहे. मनुष्याचें बळ घ्यावयाचें आणि मनुष्य मात्र परत करावयाचा, असा हा व्यापार आहे.

राष्ट्रीय पक्षाच्या म्हणविणाऱ्या आम्हां लोकांस येथें इतिहासाचें एक पान उलटून पाहणें अवश्य आहे. १८८१ व १८९१ चे कारखान्यांचे कायदे झाले तेव्हां बहुतेक राष्ट्रीय पत्रांनीं त्यांस विरोध केला. हे कायदे म्हणजे मुंबईच्या गिरण्या बुडविण्याचा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. डावाचा संशय अगदींच निराधार नव्हता. पण लँकेशायरचा हेतु कांहींही असो, विश्रांति ज्याला हवी होती तो गरीब आमचाच होता. तें ओळखलें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजांतल्या ह्या गृहस्थानें १८८४ सालीं गिरणी कामगारांची संस्था उभी केली, आणि १० जून १८९० रोजीं मालकांच्या संघाकडून आठवड्याची सुटी मान्य करून घेतली. आज आपण सारे जो रविवार उपभोगतों, त्यामागें त्यांची खटपट आहे. आणि कामगारानें राष्ट्राची परतफेड केली नाहीं असें कोण म्हणेल? २२ जुलै १९०८ रोजीं लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली, तेव्हां मुंबईच्या गिरणी कामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें व छातीवर गोळ्या झेलल्या. राष्ट्र संकटांत होतें तेव्हां कामगार राष्ट्रासाठीं उभा राहिला. आतां राष्ट्र वैभवांत असतां त्यानें कामगारास ठेकेदाराच्या हवालीं करावें काय?

आतां कायद्याकडे वळूं. १९४२ ते १९४६ ह्या काळांत डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ च्या दुरुस्तीनें बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यानें तो कायम केला. १९७० सालीं कंत्राटी मजुरांचा कायदा झाला. त्याचें नांवच "नियमन आणि निर्मूलन" असें होतें. बारमाही स्वरूपाच्या कामांत कंत्राट बंद करण्याचा अधिकार त्यानें सरकारास दिला. आतां असें कंत्राट बंद झालें म्हणजे त्यांतील मजुराचें काय? १९९६ सालीं एअर इंडियाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, तो मूळ मालकाचा नोकर होतो. ३० ऑगस्ट २००१ रोजीं पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यांत पांच न्यायाधीशांच्या पीठानें तें मत फिरविलें: कायद्यांत तसें लिहिलेलें नाहीं, ठेका केवळ देखाव्याचा असेल तर कामगारानें तें औद्योगिक न्यायाधिकरणापुढें सिद्ध करावें, खरा असेल तर पुढील भरतींत त्यास प्राधान्य मिळावें, इतकेंच. त्याच वर्षीं सिप्लाच्या खटल्यांत ठरलें कीं, महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखालीं तक्रार करावयाची तर मालक-नोकराचें नातें आधीं निर्विवाद असावें लागतें.

ह्या निकालांचा कायदेशीर तर्क आम्ही येथें उकलीत बसत नाहीं. परिणाम मात्र सांगतों. १९७१ च्या कायद्यानें, माणसांस वर्षानुवर्षें तात्पुरतें ठेवून कायमपणाच्या हक्कास मुकविणें ही अनुचित प्रथा ठरविली. पण कंत्राटी कामगार ती तक्रार घेऊन गेला कीं मालक म्हणतो, "हा माझा नोकरच नव्हे." झालें! आधीं दुसऱ्या दारीं जाऊन नोकर असल्याचें सिद्ध कर, मग ह्या दारीं ये. ज्याच्या खिशांत सात महिन्यांची मुदत आहे त्यानें सात वर्षांचा दावा चालवावा, अशी ही व्यवस्था. आणि समजा, लढून त्यानें त्या खात्यांतलें कंत्राट बंद करविलें. तर ठेका जातो आणि ठेक्याबरोबर त्याची भाकरीही जाते. तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या जुन्या कामगार कायद्यांच्या जागीं चार नव्या संहिता अमलांत आल्या. २९ कायद्यांचें जंगल तोडून चार रस्ते केले, हें एका दृष्टीनें चांगलेंच. मुदतीच्या नोकरास कायम नोकराइतकेंच वेतन व सवलती द्याव्या आणि एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान द्यावें, ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण मुदत किती वेळां वाढवावी ह्याला कायद्यांत सीमा नाहीं. तेव्हां माणूस आयुष्यभर "मुदतीचा" राहूं शकतो. आस्थापनेच्या मुख्य कामांत कंत्राटी मजूर लावूं नये, असें नवी संहिता स्पष्ट सांगते. वाचणारास वाटावें कीं, आतां न्याय झाला. पण पुढेंच अपवाद आहे: तें काम सामान्यतः ठेकेदारामार्फतच होत असेल तर ही मनाई लागू नाहीं. म्हणजे ज्यानें आजवर ठेका चालविला, त्याचा ठेका चालविण्याचा परिपाठ हाच त्याचा परवाना! चोरी करूं नये. मात्र ज्याच्या घरीं ती चालतच आली आहे, त्यास ही आज्ञा लागू नाहीं, असें एखाद्या स्मृतिकारानें लिहिलें असतें तर आपण त्यास काय म्हटलें असतें? त्यांतच सप्टेंबर २०२५ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. कामगाराची संमति घ्यावी अशी अट आहे म्हणतात. सात महिन्यांच्या माणसाच्या संमतीस किती किंमत असते, हें सांगावयास वकील नको.

ह्यावर आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, येथल्या कामगारास गांवीं शेती आहे. नोकरी गेली तरी तो उपाशी मरत नाहीं. हाच युक्तिवाद शंभर वर्षांपूर्वीं मुंबईंत ऐकूं येई. गिरणी कामगाराचें बिऱ्हाड कोंकणांत व घाटावर. तेथें त्याची बायको नांगरणी-कापणी करी, आजारपणीं व म्हातारपणीं त्याला पोशी, आणि मालक त्या हिशेबानें मजुरी कमी ठेवी. म्हणजे गिरणीच्या नफ्यांत त्या माउलीचा वांटा होता, पण तो तिला कधीं मिळाला नाहीं. बारामतीच्या खातेफोड झालेल्या एक-दोन एकरांवर पुन्हां तोच बोजा टाकावयाचा आहे काय?

दुसरा आक्षेप असा कीं, निर्बंध घातले तर कारखाने दुसऱ्या राज्यांत जातील. कारखाना येतो तो पाणी, वीज, रस्ता, बंदर आणि कुशल माणूस पाहून. पहिल्या चार गोष्टींवर सरकार कोट्यवधि रुपये खर्च करतें. पांचवीच्या वेळीं मात्र हात आखडतें. सात महिन्यांत माणूस काम शिकतो न शिकतो तोंच त्याला बाहेर काढावयाचा आणि नवा हात दाबयंत्राखालीं घालावयाचा, ह्यांत मालाचा दर्जा घसरतो आणि बोटेंही जातात. अशा रीतीनें जपान किंवा जर्मनी कधीं घडली नाहीं. स्वस्त माणसावर उभा राहिलेला उद्योग आणखी स्वस्त माणूस दिसला कीं उठतोच. तेव्हां हा आक्षेप निर्बंधांविरुद्ध नसून स्वस्ताईविरुद्ध आहे.

तिसरा आक्षेप गिरणगांवाचा. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतून गिरणधंदा बुडाला, असें सांगून आजच्या तरुणास संघटनेची भीति घालतात. संप लांबविण्यांत चूक झाली नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु यंत्रें जुनीं झालीं तरी तीं बदलण्यांत कुचराई कोणीं केली? आणि शेवटीं राहिलें काय तें पाहा. गिरणी गेली, कामगार गेला. राहिला तो भूखंड, आणि त्यास सोन्याचें मोल आलें. ज्या जमिनी शहराच्या उद्योगासाठीं म्हणून मिळाल्या होत्या, त्यांवर आज काचेचे मनोरे उभे आहेत, आणि चाळींतला म्हातारा कामगार घराच्या सोडतींत आपलें नांव शोधीत बसला आहे. भूखंड टिकतो आणि माणूस टिकत नाहीं, ही गोष्ट महाराष्ट्रानें एकदां पाहिलेली आहे. ती बारामतीस पुन्हां पाहावयास लावूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

उलट उदाहरण हवें असेल तर तें दूर शोधावयास नको. इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर १९३० नंतरच्या दशकांत शेठ वालचंद हिराचंद यांनीं साखर कारखाना काढला. १९१९ सालीं इंग्रजांच्या आगबोटींशीं टक्कर घेणारी सिंदिया कंपनी ज्यांनीं उभारण्यांत पुढाकार घेतला, १९४० सालीं बंगळुरास विमानाचा कारखाना ज्यांच्या खटपटीनें निघाला, तेच हे गृहस्थ. त्यांनीं कारखान्याबरोबर गांव वसविलें. राहण्यास घरें झालीं, शाळा झाल्या, दवाखाना झाला. ज्या वालचंदनगरांत साखर होत असे, तेथेंच पुढें आकाशांत जाणाऱ्या अग्निबाणांचे भाग तयार झाले. एका माळावर दोन-तीन पिढ्या स्थिर राहिल्या नसत्या, तर ही कारागिरी कोठून आली असती? मालकानें घर द्यावें ह्यांत एक दोषही आहे: नोकरी सुटली कीं छप्परही सुटतें, आणि भाडेकरू नोकर मालकापुढें मान वर करूं शकत नाहीं. म्हणून आम्ही मालकाच्या चाळी मागत नाहीं. पण कारखाना आणि वस्ती हीं एकाच विचाराचीं दोन अंगें आहेत, हें त्या शेठजींस नव्वद वर्षांपूर्वीं उमगलें होतें तें आजच्या महामंडळास कां उमगूं नये?

तर मग करावें काय? आमचें म्हणणें थोडक्यांत असें. जमीन सरकारनें संपादन केली ती सार्वजनिक हितासाठीं. म्हणून भाडेपट्ट्यांतही सार्वजनिक हिताच्या अटी असाव्या. ठराविक मुदतींत बांधकाम केलें नाहीं तर भूखंड परत जातो, परवानगीवांचून तो दुसऱ्यास देतां येत नाहीं, ह्या अटी आजही घातल्या जातात. मग त्याच कागदावर माणसाविषयीं चार ओळी कां लिहिल्या जाऊं नयेत? पहिली ओळ: उत्पादनाच्या मुख्य कामावरील माणसें कारखान्यानें स्वतःच्या हजेरीपटावर ठेवावीं. दुसरी: कायम, मुदतीचे, कंत्राटी व शिकाऊ अशा चारही वर्गांतील माणसांची संख्या दरवर्षीं फाटकावर लावावी, सार्वजनिक जमिनीवर चालणाऱ्या धंद्यानें लोकांपासून एवढें झांकून ठेवूं नये. तिसरी: ठेकेदार बदलला तरी कामगाराची सेवा तुटली असें धरूं नये, आणि सारख्या कामास सारखें वेतन द्यावें; सरकारी खात्यांतील तात्पुरत्या नोकरांच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं हें तत्त्व लागू केलेलेंच आहे. चौथी ओळ महामंडळानें स्वतःसाठीं लिहावी: प्रत्येक वसाहतींत कांहीं भूखंड कामगारांच्या भाड्याच्या घरांसाठीं राखावे, आणि तीं घरें मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या ताब्यांत न देतां सार्वजनिक संस्थेकडे ठेवावीं. पट्टे नवीन होतात, हस्तांतरित होतात, सवलती मागितल्या जातात. त्या प्रत्येक वेळीं ह्या अटी घालण्याची संधि सरकारास असते. इच्छा मात्र हवी.

कायम कामगारांच्या संघटनांसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यांत पगार अधिक असे, आणि धोट्याचें सूत तोंडानें ओढावें लागतें ह्या सबबीवर अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांस तेथें शिरूं देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढें आणला. एकीच्या घोषणा देणाऱ्यांस तो अडचणीचा वाटला. आज धोटा नाहीं, पण दुजाभाव आहे. कायम कामगाराचा वेतनकरार होतो, पेढे वांटले जातात, आणि त्याच यंत्राच्या दुसऱ्या बाजूस उभा असलेला कंत्राटी मुलगा तो पेढा खाऊन आपल्या तिसऱ्या हिश्श्याच्या पगारावर काम चालू ठेवतो. ज्या संघटनेच्या सभासदपटावर त्या मुलाचें नांव नाहीं, तिनें हें ध्यानांत ठेवावें कीं, कायम माणसें दरवर्षीं निवृत्त होतात आणि त्यांच्या जागीं कायम माणूस येत नाहीं. आज ज्यास दाराबाहेर ठेवलें, तोच उद्यां बहुसंख्य होईल. आणि त्या दिवशीं संघटनेजवळ फलक राहील, सभासद राहणार नाहींत.

आमच्या राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदानें प्रत्येक कामगारास निर्वाहापुरतें वेतन, माणसाच्या योग्यतेचें जीवन आणि विश्रांतीचा पूर्ण उपभोग मिळवून देण्याचा प्रयत्न राज्यानें करावा, असें सांगितलें आहे. तें मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर कोर्टांत दावा चालत नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणूनच तो दावा लोकांच्या दरबारांत चालविला पाहिजे. बारामती हें कांहीं मागासलेलें खेडें नव्हे. तिच्या विकासाचा दाखला महाराष्ट्रभर दिला जातो. ज्यांचा दाखला देतात, त्यांनीं दाखला घालून द्यावा. माळावर रस्ता नेला, पाणी नेलें, वीज नेली, आतां तेथें न्याय न्यावा. ज्या राज्यास मातीला ९५ वर्षांची हमी देतां येते, त्यास त्या मातीवर घाम गाळणाऱ्या आपल्याच माणसास सात महिन्यांपलीकडची हमी देतां येत नाहीं, हें आम्ही तरी मानावयास तयार नाहीं.